लाल फुल्यांची वाट

नकाशासंग्रहात उत्तर स्वीडनचे पान उघडले, की ६८ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या जरा वर एक लांबट, निळे सरोवर दिसते. त्याचे नाव टोर्नेत्रेस्क. त्याच्या दक्षिण काठावर आबिस्को हे छोटे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ अवघे ७७ चौरस किलोमीटर. आर्क्टिक वृत्त तेथून दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटर राहते, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीत बरेच दिवस लोटेपर्यंत येथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. या उद्यानातून एक पायवाट निघते आणि डोंगरदऱ्यांतून दक्षिणेकडे सुमारे ४४० किलोमीटर जाते. तिला 'कुंग्सलेडन' म्हणजे राजमार्ग म्हणतात. जगभरचे पदभ्रमण करणारे लोक तिचे नाव आदराने घेतात.

जरा मोठ्या प्रमाणाचा नकाशा मिळाला, तर मात्र एक गंमत लक्षात येते. या राजमार्गाच्या बऱ्याच भागात एक नव्हे, दोन वाटा आखलेल्या असतात. एक उन्हाळ्याची. तिच्यावर दगडांचे ढीग रचलेले असतात, किंवा खडकांवर लाल रंगाचे ठिपके दिलेले असतात. दुसरी हिवाळ्याची. तिच्यावर उंच खांब उभे असतात आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर लाल फुली असते. पहिली वाट आलेस्याउरे नावाच्या सरोवराच्या काठाकाठाने वळसे घेत जाते. दुसरी सरळ सरोवराच्या अंगावरून जाते.

हिवाळ्यात वेगळी वाट का लागावी? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुले सांगतील की बर्फाने जुनी वाट झाकली जाते म्हणून. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. आपण उष्ण प्रदेशातली माणसे. आपल्या मनात हिमवर्षाव म्हणजे रस्ता बंद, हे समीकरण पक्के बसलेले असते. खऱ्या उत्तरेत गोष्ट जवळजवळ उलटी आहे. तेथे उन्हाळ्यात जमीन दलदलीने भरते, नद्या फुगतात, डासांचे थवे उठतात आणि माणूस अडकतो. हिवाळ्यात दलदल गोठते, नदी गोठते, सरोवर गोठते. खाचखळगे आणि खुरटी झुडपे बर्फाखाली जातात. म्हणजे हिवाळ्यातच रस्ते उघडतात. स्वीडनमधील योकमोक येथला मोठा बाजार १६०५ पासून भरतो, आणि तो भरतो कडाक्याच्या थंडीत, फेब्रुवारीत! कारण त्याच दिवसांत दूरदूरच्या माणसांना तेथे पोचता येत असे. उत्तर स्वीडनमध्ये काल्वत्रेस्क गावाजवळ १९२४ मध्ये दलदलीत सापडलेली लाकडी स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची आहे. हिवाळी वाटेचा इतिहास असा राष्ट्रीय उद्यानापेक्षा आणि राजापेक्षाही कितीतरी जुना आहे.

स्की का लागते, याचे साधे गणित मुलांकडून करून घेता येईल. ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या दोन्ही बुटांच्या तळव्यांचे क्षेत्रफळ ढोबळमानाने ०.०५ चौरस मीटर धरू. २ मीटर लांब आणि ७ सेंटीमीटर रुंद अशा दोन स्कींचे मिळून ०.२८ चौरस मीटर होते. वजन तेच, दाब मात्र पाचपटींहून कमी. मांडीपर्यंत रुतणारा माणूस पृष्ठभागावरून चालू लागतो.

पण बर्फ सगळीकडे सारखा नसतो, आणि वाटेची खरी मेख येथेच आहे. या प्रदेशात सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअरांचे कळप राखत आले आहेत. हिवाळ्यात कळप पूर्वेकडच्या जंगलात दगडफुलासारखे लायकेन खाऊन राहतात. वसंतात ते पश्चिमेच्या डोंगरांकडे निघतात, कारण मे महिन्यात माद्या तेथे विणार असतात. आज राजमार्ग ज्या लांबलचक दऱ्यांतून जातो, त्या प्रदेशातून सामींचे कळप आणि कुटुंबे ये-जा करीत आली आहेत. त्यांच्या भाषेत बर्फासाठी मोठा शब्दसंग्रह आहे. 'उत्तरेकडच्या लोकांकडे बर्फाला अमुक शंभर शब्द' अशी वाक्ये आपण वाचतो आणि नवल करून सोडून देतो. आकड्याला आमच्या मते फारसा अर्थ नाही. प्रत्येक शब्द कोणता निर्णय घ्यायला मदत करतो, हे पाहायला हवे.

'चुओङु' म्हणजे माणसाचे व जनावराचे वजन पेलणारे कडक कवच. वसंतात दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो आणि रात्री गोठतो, तेव्हा ते तयार होते. म्हणून वसंतातील स्थलांतर रात्री आणि पहाटे चाले. दुपारी कळप थांबत. 'चेआर्गा' म्हणजे वाऱ्याने ठोकून घट्ट केलेला थर. त्यावरून चालता येते, पण रेनडिअरला खुराने तो फोडता येत नाही. आणि 'सेआङाश' म्हणजे तळाशी, जमिनीलगत तयार होणारा, जाड साखरेसारखा सुटा बर्फ.

या शेवटच्या शब्दाशी जरा थांबू. हवा उणे २५ अंशांवर असली, तरी जाड बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास असते, कारण बर्फात अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. अर्धा-पाऊण मीटर जाडीच्या थरात तळ आणि माथा यांच्या तापमानात एवढा फरक पडला, की तळाच्या कणांची वाफ होते, द्रव न बनता सरळ वाफ. ती वर सरकते आणि वरच्या थंड कणांवर पुन्हा स्फटिकरूपाने जमते. असे मोठे, कंगोरेदार, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. संप्लवन आणि निक्षेपण हे दोन शब्द पाठ्यपुस्तकात आयोडीन आणि कापराच्या उदाहरणाने येतात. येथे अख्खा डोंगर तो प्रयोग करीत असतो. सामी पशुपालकाला सेआङाश हवा असतो, कारण रेनडिअर तो सहज उकरतात आणि भांड्यात घालून वितळवला तर पाणीही भरपूर निघते. उतारावरच्या प्रवाशाला मात्र तोच धोक्याचा, कारण सुट्या कणांच्या थरावर वरचा घट्ट थर घसरू शकतो आणि हिमलोट सुटतो. ज्ञान एकच, पण ते वापरणारे दोघे आणि त्यांचे निष्कर्ष दोन.

हे ज्ञान बाहेरच्या जगाला कसे भेटले, याची एक कथा सांगण्याजोगी आहे. आडोल्फ एरिक नूर्डेनशोल्ड हे त्या काळचे नामवंत ध्रुवप्रदेश-संशोधक. १८७८-७९ मध्ये त्यांनी 'वेगा' जहाजातून युरोप-आशियाच्या उत्तर किनाऱ्याने पॅसिफिकपर्यंतचा सागरी मार्ग प्रथमच पार केला होता. १८८३ मध्ये ते ग्रीनलंडच्या हिमस्तरावर गेले. आतल्या भागात हिरवी भूमी असेल अशी त्यांना आशा होती. पाण्याने भिजलेल्या बर्फात त्यांची तुकडी अडकली, तेव्हा त्यांनी पाव्वा लार्स तुओर्दा आणि आंडर्स रासा या दोघा सामी सोबत्यांना स्कीवरून पुढे पाठवले. दोघे ५७ तासांनी परतले आणि म्हणाले, २३० किलोमीटर आत जाऊन आलो, पुढेही नुसता बर्फच आहे. म्हणजे एकूण ४६० किलोमीटर! मायदेशी लोकांनी यावर विश्वास ठेवला नाही. अंतर अंदाजाने सांगितलेले होते हे खरे. पण संशय अंतरापुरताच होता असे म्हणवत नाही. नूर्डेनशोल्ड यांनी यावर वैज्ञानिकाला शोभेलसा मार्ग काढला. एप्रिल १८८४ मध्ये त्यांनी योकमोकजवळून क्विक्योकपर्यंत आणि परत, अशी सुमारे २२० किलोमीटरांची स्की-शर्यत ठेवली. तुओर्दा पहिले आले. वेळ २१ तास २२ मिनिटे. ताशी १० किलोमीटरांहून अधिक वेग, तोही सलग एक दिवस. मग कुठे टीकाकार गप्प झाले.

याच नूर्डेनशोल्ड यांनी १८८० मध्ये उत्तर युरोपातील देशांनी आपापल्या भूमीचे काही तुकडे जसेच्या तसे राखून ठेवावेत, अशी सूचना केली होती. अमेरिकेत यलोस्टोन १८७२ मध्ये राखीव झाले होते, त्याचा हा पडसाद. सूचना प्रत्यक्षात यायला जवळजवळ तीस वर्षे लागली. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १८८५ मध्ये उप्सालाच्या काही भूशास्त्रज्ञांनी स्वीडिश पर्यटन संघ स्थापला. त्यांत फ्रेड्रिक स्वेनोनियस हे प्रमुख होते. 'आपला देश जाणा' हे संघाचे ब्रीद. दुसरी गोष्ट रेल्वेची. किरूनाचे लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात न्यायचे होते, कारण उबदार सागरी प्रवाहामुळे ते बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. ही रेल्वे १९०२ मध्ये पुरी झाली आणि १४ जुलै १९०३ रोजी राजे दुसरे ऑस्कर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मार्ग आबिस्कोवरूनच जातो. ज्या जागी पोचायला आठवडे लागत, तेथे आता आगगाडी थांबू लागली. लोखंडासाठी आखलेल्या रुळांवरून पर्यटक आले, शास्त्रज्ञ आले. १९०३ मध्ये पश्चिमेला वास्सियाउरे येथे संशोधन केंद्र सुरू झाले. ते १९१० मध्ये जळाले, म्हणून १९१२ मध्ये आबिस्कोला नवे बांधले. १९१३ पासून तेथे तापमानाच्या नोंदी अखंड होत आहेत.

जागेची निवड हवामानाच्या दृष्टीने मजेदार आहे. नॉर्वेच्या समुद्राकडून येणारे ओले वारे सीमेवरील डोंगरांत आपला बर्फ टाकून देतात. आबिस्को वर्षाछायेत सापडते. तेथे वर्षाचे पर्जन्यमान सुमारे ३०० मिलिमीटर, तर पश्चिमेला जेमतेम ३०-३५ किलोमीटरांवर, सीमेलगत, त्याच्या तिपटीच्या आसपास. घाटमाथ्यावरून वाईकडे उतरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

२४ मे १९०९ रोजी स्वीडनने एकदम ९ राष्ट्रीय उद्याने जाहीर केली. युरोपातली ही पहिलीच. आबिस्को, सारेक आणि स्तूरा शोफालेट ही त्यांतील तीन उत्तरेच्या डोंगराळ भागातली. कायद्याची कल्पना अशी की ही भूमी मूळ स्थितीत, मानवी हाताचा स्पर्श न झालेली म्हणून राखायची. सामींना कळप चारण्याची मुभा होती, हे नमूद केले पाहिजे. पण 'स्पर्श न झालेली' या शब्दांत एक विसंगती राहूनच गेली. जिच्या प्रत्येक खिंडीला आणि ओढ्याला नाव आहे, जिच्या बर्फाच्या थराथराला शब्द आहे, ती भूमी अस्पर्श कशी? रेनडिअर चरल्यामुळे तिथली झाडी, गवत आणि वाटा शतकानुशतके घडत होत्या. सामी पशुपालक तंबू हलवताना मागे फारशा खुणा ठेवत नसत, आणि खुणा नाहीत म्हणजे माणूस नाही, असे शहरातून आलेल्या डोळ्यांनी ठरवले.

सारेकच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. आक्सेल हाम्बेर्ग १८९५ पासून सारेकचा अभ्यास करीत होते. (हेच हाम्बेर्ग विशीत असताना १८८३ च्या ग्रीनलंड मोहिमेत होते; तुओर्दांच्या परतीची कथा त्यांनी मोहिमेतच ऐकली असणार.) हिमनद्या, नद्यांचे पाणी, बर्फाची रचना यांवर त्यांनी कित्येक वर्षे काम केले, निरीक्षणांसाठी पत्र्याच्या झोपड्या उभारल्या आणि पोर्ते शिखराजवळ १,८०० मीटरांहून उंच जागी वेधशाळा बांधली. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत तेथे माणसे हिवाळाभर राहून नोंदी घेत. असल्या कामाचे सामान वाहायला रेनडिअर आणि वाट दाखवायला सामी लागतच. सारेकमध्ये आजही पर्यटकांसाठी आखलेली वाट किंवा निवारे जवळजवळ नाहीत. राजमार्ग त्याचा फक्त एक कोपरा ओलांडतो. आबिस्कोचे झाले उलटे. तेथे रेल्वे होती, पर्यटन संघाचे विश्रामस्थान होते. तेथून दक्षिणेकडे केब्नेकाइसेपर्यंत आणि पुढे क्विक्योकपर्यंत टप्प्याटप्प्याने झोपड्या बांधल्या गेल्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वाटेला राजमार्ग हे नाव मिळाले. दोन उद्याने. एकात वाट हवी, दुसऱ्यात नको. दोन्ही भूमिका आपापल्या जागी प्रामाणिक आहेत असे आम्हाला वाटते.

स्तूरा शोफालेटचा अनुभव कडवट आहे. या नावाचा अर्थच 'मोठा धबधबा'. उद्यान झाल्यावर दहाच वर्षांनी, १९१९ मध्ये, संसदेने धबधब्याचा भाग उद्यानातून वगळला, आणि वीजनिर्मितीसाठी सुओर्वा येथे धरण बांधले गेले. ज्यासाठी उद्यान केले, तोच धबधबा क्षीण झाला. काठावरच्या सामी वस्त्या पाण्याखाली गेल्या. पुढे धरणाची उंची आणखी वाढवण्यात आली. १९१९ याच वर्षी नॉर्वे आणि स्वीडन यांच्यात चराईचा करार झाला. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील उन्हाळी कुरणे त्यामुळे कमी झाली आणि उत्तरेच्या कारेसुआंदो भागातील अनेक कुटुंबांना दक्षिणेकडे सक्तीने हलवण्यात आले. बर्फाचे ज्ञान हे नेहमी एखाद्या ठिकाणचे ज्ञान असते. नव्या दरीत वारा कुठून येतो, कोणत्या सरोवराचा कोणता कोपरा उशिरा गोठतो, हे त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

सुदैवाने एका सामी माणसाने हे ज्ञान स्वतः लिहून ठेवले. टोर्नेत्रेस्कच्या परिसरात राहणारे योहान तुरी हे शिकारी आणि पशुपालक. १९०४ मध्ये याच खनिजाच्या रेल्वेत त्यांची एमिली डेमान्ट या डॅनिश चित्रकर्तीशी गाठ पडली. आपल्या लोकांविषयी पुस्तक लिहावे ही त्यांची जुनी इच्छा. डेमान्ट यांच्या मदतीने १९०८ मध्ये ते लिहून झाले आणि १९१० मध्ये सामी व डॅनिश भाषांत छापले गेले. सामी लेखकाने सामी भाषेत लिहिलेले हे पहिले धर्मेतर पुस्तक मानतात. उद्यानाच्या जाहीरनाम्यानंतर एका वर्षाने, त्याच सरोवराकाठचा माणूस स्थलांतराची, बर्फाची आणि लांडग्यांची माहिती छापून देत होता.

आता पुन्हा लाल फुल्यांकडे येऊ. फुली उंच खांबावर असते, कारण खुणेचा दगड हिवाळ्यात गाडला जातो. ती लाल असते, कारण ढगाळ दिवशी पांढरे आभाळ आणि पांढरी जमीन यांच्यामध्ये प्रकाश इतका परावर्तित होत राहतो, की सावलीच उरत नाही. सावली नाही म्हणजे खोली कळत नाही. पायापुढचा उतार आणि सपाटी एकच दिसतात. अशा वेळी एका फुलीपासून पुढची फुली दिसेपर्यंत सरकायचे, एवढेच माणसाच्या हाती असते. वारा सुटला की तेही नाही.

आणि हिवाळी वाट सरोवरावरून जाते, तेव्हा तिचा आधार काय? ४° सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वाधिक, म्हणून सरोवर वरून गोठते, हे मुलांना ठाऊक असते. पुढचा प्रश्न विचारावा: ४० सेंटीमीटर जाड गोठलेल्या थरावर किती हिम साचले तर तो पाण्याखाली दबेल? गोठलेल्या पाण्याची घनता ९१७ किलोग्रॅम प्रति घनमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला तो थर ०.४ × ८३, सुमारे ३३ किलोग्रॅम जादा भार पेलून तरंगू शकतो. वाऱ्याने दाबलेल्या हिमाची घनता ३०० धरली, तर अवघे ११ सेंटीमीटर हिम पुरे. त्याहून अधिक साचले की थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि हिमात मुरते. वरच्या हिमाचे पांघरूण असल्यामुळे हवा उणे २० असली तरी ते पाणी गोठत नाही. वरून कोरडी दिसणारी वाट आतून चिखल असते. बूट भिजला, की एवढ्या थंडीत बोटे गमावण्याची वेळ येते. प्रवाहाच्या मुखांजवळ तर थर पातळच असतो. म्हणून सरोवरावरची रेषा दरवर्षी पाहून ठरवावी लागते. तेथे कायमचा खांब रोवता येत नाही. सरोवर नीट गोठल्यावर खुणा उभ्या करायच्या आणि वितळण्याआधी काढायच्या.

आबिस्कोच्या नोंदींत वर्षाचे सरासरी तापमान विसाव्या शतकात बहुतेक काळ शून्याच्या किंचित खाली असे. अलीकडच्या दशकांत ते शून्याच्या वर जाऊ लागले आहे. आकडा लहान वाटतो, पण शून्य अंश ही पाण्याच्या दृष्टीने साधी रेघ नव्हे. ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो, मग तो गोठतो, आणि जमिनीलगत किंवा मधल्या थरात काचेसारखे कवच बसते. रेनडिअरला खाली लायकेनचा वास येतो, पण खुर पोचत नाही. पशुपालकांना मग चारा विकत आणून घालावा लागतो.

१९६१ पासून आबिस्को केंद्रातील निरीक्षक हिवाळ्यात दर पंधरवड्याला बर्फात खड्डा खणून थरांची जाडी, कण आणि कडकपणा लिहून ठेवत आले. या जवळजवळ पन्नास वर्षांच्या वह्या अभ्यासून २०११ मध्ये संशोधकांनी दाखवले, की फार कडक थरांचे प्रमाण वाढले आहे. परिसरातले पशुपालक हे आधीपासून सांगत होते. दरम्यान सारेक आणि स्तूरा शोफालेटसह मोठा प्रदेश १९९६ मध्ये 'लापोनिया' या नावाने जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि पुढे त्याच्या व्यवस्थापन मंडळात सामी प्रतिनिधींचे बहुमत आले. स्तूरा शोफालेट उद्यानाला आता 'स्तुओर मुओर्के' हे सामी नावही जोडलेले आहे. दोन सरोवरांच्या मधली, ओलांडून जायची मोठी भूपट्टी, असा त्याचा अर्थ.